पाय बधिर झालेत, पायाचा डॉक्टर शोधायचा कुठे?

वाटसरू_नाशिक (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. वय ६१, बँकेतून निवृत्त, साखर १६ वर्षांपासून सोबतीला. मागच्या महिन्यात रविवार कारंजावरून पायी घरी येत होतो. मागून एक शाळकरी पोरगा धावत आला. "आजोबा, चप्पल!" त्याच्या हातात माझी डाव्या पायाची चप्पल. म्हणजे दहा-पंधरा पावलं मी एका पायाने अनवाणी चाललो होतो आणि मला पत्ताच नव्हता. पोराला वाटलं, म्हातारा विसरभोळा आहे. मीही हसून चप्पल अडकवली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

दिवसा हे असं, कापसावर चालल्यासारखं. आणि रात्री अकरानंतर तेच पाय पेटतात. चादरीचा स्पर्श सहन होत नाही, मध्येच सुई खुपसल्यासारखी कळ येते. जे पाय बधिर तेच दुखतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही.

आतापर्यंतची भटकंती सांगतो. आमचे फॅमिली डॉक्टर भला माणूस, पण १६ वर्षांत त्यांनी माझे पाय बघितल्याचं आठवत नाही, रिपोर्ट बघतात. फिजिशियनने 'पेरिफेरल न्यूरोपॅथी', म्हणजे हातापायांच्या मज्जातंतूंचा आजार, असं लिहून प्रीगॅबालिन आणि बी-१२ सुरू केलं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून कॅल्शियम दिलं. भेगांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, मलम मिळालं. शेवटी जावयाने नेटवर एक 'पोडियाट्रिस्ट', म्हणजे पायाचा तज्ज्ञ, शोधून दिला. एसीची खोली, काचेच्या पाटीवर उभं केलं, संगणकावर लाल-निळा पाय दाखवला आणि १४ हजारांचे इनसोल लिहून दिले. मोजे काढू का विचारलं, तर म्हणे गरज नाही.

तर प्रश्न असा, की आपल्याकडे पायाचा खरा डॉक्टर असतो का? असला तर ओळखायचा कसा?

आणि एक. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी २२ वर्षं अनवाणी करतोय. यंदा करू का?

गंधाली_ठाणे
काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. अनवाणी तर नाहीच नाही.

माझ्या आईची गोष्ट सांगते. डिसेंबरात तिचे पाय गार पडले म्हणून मीच गरम पाण्याची पिशवी दिली. मीच. तिने ती पायाशी घेऊन रात्र काढली. सकाळी अंगठ्याला लिंबाएवढा फोड. तिला काही जाणवलंच नव्हतं, उलट म्हणाली, छान झोप लागली. सहा आठवड्यांनी तो अंगठा काढावा लागला. त्यानंतर पायाच्या डॉक्टरांबद्दल जेवढं शिकले तेवढं एमएच्या दोन वर्षांतही शिकले नव्हते.

पाटीवर काय लिहिलंय ते सोडून द्या. आपल्याकडे पोडियाट्रिस्ट म्हणून गल्लोगल्ली कोणी बसलेलं नाही. हे काम करणारे बहुतेक जनरल सर्जन असतात, काही रक्तवाहिन्यांचे सर्जन, काही ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन, ज्यांनी पुढे मधुमेही पायाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय. पाटी 'डायबेटिक फूट क्लिनिक' अशी असते, किंवा नसतेच. आईचे डॉक्टर एका हॉस्पिटलात आठवड्यातून दोन दुपारी बसतात, बाहेर पाटी हर्नियाची.

मी फोनवरच चार गोष्टी विचारायचे. पहिल्या भेटीत डॉक्टर दोन्ही पाय तपासतात का? घट्टे, कुरूप, नखं ते स्वतः काढतात की 'पार्लरमध्ये जा' म्हणतात? रक्तप्रवाह बघायला डॉपलर आहे का? आणि उद्या जखम झाली तर त्याच दिवशी बघतील की पुढच्या बुधवारची वेळ मिळेल? चौथ्या प्रश्नावर समोरचा माणूस किती अडखळतो यावर मी निर्णय घेतला.

पंतांचा_गोट
वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रकार. साताऱ्यात कोणी?

अनुजा_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पायाची डॉक्टर नाही, पण अशा ओपीडीत सहा वर्षं काम केलंय.

काका, बधिर पाय दुखतो कसा, तर आजारी मज्जातंतू बाहेरचा निरोप आत पोचवत नाही आणि स्वतःच मधूनमधून खोट्या घंट्या वाजवतो. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन वगैरे औषधं ती घंटा हळू करतात. गेलेली संवेदना त्यांनी परत येत नाही. म्हणून 'जळजळ थांबली, पाय बरा झाला' हे गणित फसवं असतं. तुमच्यासाठी धोकादायक पाय तो, जो दुखतच नाही.

आता तपासणी कशी असते ते सांगते, म्हणजे झाली की नाही हे तुम्हालाच कळेल. मोजे काढायला लावतात, बोटांच्या बेचक्या उघडून बघतात. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला टेकवतात. तो १० ग्रॅम दाब पडला की वाकतो, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. अंगठा आणि चवड्यावरच्या ठरावीक जागी लावतात, घट्ट्यावर लावायचा नसतो. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर जाणवते का विचारतात. काही ठिकाणी बायोथेसिओमीटर असतो, त्यात थरथर किती व्होल्टला कळली तो आकडा येतो. २५ च्या वर गेला की जखमेचा धोका वाढला असं धरतात. मग पायाच्या नाड्या हाताने बघतात, आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर रक्त कमी पोचतंय. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की हाच आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून जाणकार डॉक्टर नुसत्या आकड्यावर थांबत नाही.

या सगळ्याला फार तर वीस मिनिटं लागतात. काचेच्या पाटीवरचा लाल-निळा पाय चवड्यावर दाब कुठे पडतो ते सांगतो, उपयोगाचा आहे, पण संवेदना किती उरलीय ते त्याला माहीत नसतं.

काळे_काका
एवढं कशाला? रोज रात्री काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासा. आमच्या आजीने नव्वदी गाठली. जळजळ हमखास जाते.

अनुजा_फिजिओ
काळेकाका, तुमच्या आजीला तळव्याला काय होतंय ते कळत होतं. ज्याला कळत नाही त्याचा तळवा घासून घासून तापतो, फोड येतो, आणि वाटी फिरवणाराही थांबत नाही. हलक्या हाताने तेल किंवा क्रीम लावा, बोटांच्या बेचक्या सोडून. पाय रोज कोणीतरी हातात घ्यावा एवढा त्यातला भाग मला पटतो.

काळे_काका
असो. आम्ही आपलं अनुभवाचं बोललो.

गंधाली_ठाणे
आणि कृपया कोणी कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी) सुचवू नका. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड कुरूप आणि कातडी यांत फरक करत नाही. न्हाव्याचं ब्लेडही नको.

वऱ्हाडी_पेन्शनर
मी या विषयात थोडा वेगळ्या वाटेने आलेला. कुष्ठरोग कार्यक्रमात अवैद्यकीय सहायक म्हणून ३१ वर्षं सायकलीवर खेडी फिरलो. तुम्ही ज्याला न्यूरोपॅथी म्हणता ती आम्ही रोज बघत होतो. चुलीतला निखारा बोटाने सरकवणारी बाई, पायात बाभळीचा काटा घेऊन आठवडी बाजार करून आलेला माणूस. लोकांना वाटायचं, रोगाने बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले आणि त्यांनी दाखवून दिलं, की संवेदना गेल्यामुळे माणूस नकळत स्वतःच्या पायाला इजा करत राहतो, जखमा तिथून होतात. मधुमेहाच्या पायाला आज जे प्लास्टर घालून दाब काढतात, ते तंत्र आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या पायांवर घडलेलं आहे. एका रोगाची लाज वाटते म्हणून त्याचं शहाणपण दुसऱ्या रोगाला कोणी सांगत नाही, एवढीच माझी तक्रार.

चपलेचं सांगतो, तेवढं मला येतं. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल मागा. दुकानदार कुठलाही स्पंज एमसीआर म्हणून गळ्यात मारतो. तळ अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबून बघा. जवळपास निम्म्यापर्यंत दबला पाहिजे आणि सोडल्यावर परत वर आला पाहिजे. खाली मात्र टणक तळ हवा, नाहीतर काटा आरपार येतो. मागे पट्टा हवा, म्हणजे रविवार कारंजावर चप्पल सुटणार नाही. अंगठा अडकवायची कोल्हापुरी बंद. आणि खिळा एकही नको, चिकटवलेली आणि शिवलेली हवी. खिळा पहिल्या दिवशी आत असतो, सहा महिन्यांनी वर येतो.

अजून एक. साखर नाही, दारू नाही, आणि तरी पाय बधिर असलेला कोणी हा धागा वाचत असेल, तर अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा आहे का बघा. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, आणि लवकर गेलं तर पाय वाचतो.

आम्ही पेशंटला रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवून, घासून, तेल लावायला सांगत असू. ते तुम्हीही करा.

अनुजा_फिजिओ
काका, प्रतिसाद फार आवडला. एका गोष्टीवर मात्र अडते. मधुमेहात पाय भिजवत ठेवू नका असं आम्ही सांगतो. कातडी मऊ होऊन बेचक्यांत चिरा पडतात, बुरशी येते. धुवायचे, टिपून कोरडे करायचे, मग क्रीम. आणि पाण्याचा गरमपणा पायाने बघायचा नाही, कोपराने बघायचा किंवा घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगायचं.

वऱ्हाडी_पेन्शनर
मान्य. आमच्या लोकांचे पाय लाकडासारखे कोरडे, घाम येणंच बंद झालेलं, म्हणून भिजवणं. साखरवाल्यांनी तुमचं ऐकावं.

बर्मिंगहॅमची_मावशी
इथे 'पोडियाट्रिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी नावाच्या संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला ते लावता येत नाही, आणि संकेतस्थळावर नाव टाकून ती तपासता येते. मधुमेह्यांच्या पायाची वर्षाला एकदा तपासणी होते. जखम, सूज असं काही चालू असेल तर एका कामाच्या दिवसात पायाच्या तज्ज्ञ पथकाकडे पाठवायचं, असा नाईसचा, म्हणजे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इथल्या संस्थेचा, दंडक आहे. म्हणून सगळं गोड आहे असं समजू नका. नुसती नखं कापायला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांना घेत नाही, ह्यांची नखं मी पैसे देऊनच कापून घेते. पण दर भेटीला ती नखं कापणारी पोरगी बूट उलटा करून आपटते, आत हात घालते. पहिल्यांदा मला वाटलं, वास बघतेय की काय!

डल्लासकर
आमच्याकडे अमेरिकेत डीपीएम, म्हणजे फक्त पायाचे डॉक्टर, असतात. चार वर्षांचं पोडियाट्रीचं कॉलेज आणि पुढे तीन वर्षं रेसिडेन्सी. बाबा भारतात परत गेले तेव्हा मी पुण्यात तसाच माणूस शोधत बसलो आणि सहा महिने वाया घालवले. गंधालीताई म्हणतात तसे ते सर्जन निघाले.

गंधाली_ठाणे
अगदी. मुंबईत डॉ. अरुण बाळ, नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांच्यासारख्यांनी हा विषय इथे रुजवला, त्यांच्या आधी मधुमेही पाय म्हणजे 'कापा' एवढंच होतं. दक्षिणेत चेन्नईचं रोयापुरमचं एम. व्ही. हॉस्पिटल आणि कोचीचं अमृता यांच्याकडे पायाचे स्वतंत्र विभाग आहेत. पण दर तीन महिन्यांनी घट्टा काढायला कोण चेन्नईला जातं? आपल्या गावातल्या चांगल्या मधुमेहतज्ज्ञाला विचारायचं, 'तुमच्या पेशंटच्या पायाला जखम झाली तर तुम्ही कोणाकडे पाठवता?' दोन-तीन जणांकडून तेच नाव आलं की झालं. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनाही विचारा, कोणाचे पाय वाचतात ते त्यांना माहीत असतं.

शुभदा_क
माझी साखर नॉर्मल आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध झालं, त्यानंतर पाय आणि हाताची बोटं बधिर. 'डायबेटिक फूट' ही पाटी बघून मी दीड वर्ष आत गेलेच नाही, वाटलं, आपला काय संबंध. शेवटी न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, कारण वेगळं असलं तरी खिळा सारखाच लागतो. गेले. त्यांनी तसंच तपासलं. बटणं लावायला अजून वेळ लागतो, पण आता पाय रोज बघते. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा तळव्याखाली धरायचा, आरशापेक्षा सोपं.

पंतांचा_गोट
एनसीव्ही (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ती चाचणी) करावी का? आमची नॉर्मल आली, तरी पाय जळतात.

अनुजा_फिजिओ
एनसीव्ही जाड तंतूंची चाचणी आहे. जळजळ बारीक तंतूंतून येते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास खरा असू शकतो. आणि साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, त्यात शाकाहारी असाल, तर बी-१२ मोजून घ्या. टीबीचं आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत बी-६ आहे ना ते बघा.

हे कृपया लक्षात ठेवा: एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागला आणि दुखत मात्र फारसा नाही, तर 'मुरगळला असेल' म्हणून चोळू नका. त्यावर भार टाकणं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. शार्को नावाचा प्रकार असू शकतो, आतल्या आत हाडं खचतात. सुरुवातीला एक्स-रेसुद्धा साफ येतो.

काळे_काका
माझ्या मेव्हण्याला हेच झालं होतं. युरिक ॲसिड म्हणून दोन महिने औषध दिलं. आता पायाचा तळ होडीसारखा झालाय.
(वाटीचं मागे घेतो.)

वाटसरू_नाशिक
उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. चपलेचा प्रसंगही त्यात तिला कळलाच, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं.

गंधालीताईंचा प्रश्न मी दोन मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात विचारला, दोघांकडून एकच नाव आलं. जनरल सर्जन आहेत, सोमवार आणि गुरुवारी पायांसाठी बसतात. मी सोमवारी गेलो. बाहेर चार खुर्च्या, आत एक उंच टेबल आणि डॉक्टर स्वतः खाली छोट्या स्टुलावर. माझा पाय त्यांच्या मांडीवर. एवढ्या वर्षांत कुठल्या डॉक्टरचं डोकं माझ्या गुडघ्याच्या खाली आलेलं पाहिलं नव्हतं.

डोळे मिटले. ते म्हणाले, लागलं की 'हो' म्हणा. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं अजून सुरुवात केली नाही. डोळे उघडले तर दहापैकी सात जागा होऊन गेल्या होत्या. एकूण तीन कळल्या. बायोथेसिओमीटर उजवा ३१, डावा ३८. रक्तप्रवाह मात्र चांगला निघाला. बी-१२ आधीच्या रिपोर्टात १४२ होतं, म्हणून गोळ्यांऐवजी इंजेक्शन लिहून दिलं.

डाव्या चवड्यावर घट्टा होता, तो ब्लेडने काढायला घेतला. पेन्सिलीला टोक करताना पडतात तशा पातळ चकत्या पडत होत्या. मला काहीच जाणवत नव्हतं, म्हणून मी वाकून बघत होतो. चौथ्या-पाचव्या थराखाली तांबूस-काळा ठिपका दिसला. म्हणाले, आत रक्त साकळलंय, अजून महिनाभर असेच चालला असता तर इथे भोक दिसलं असतं. यावर्षी फेरी नाही, चपला घालूनही नाही. पुढच्या वर्षी पाय बघून सांगतो. ते स्वतः नाशिकचेच, त्यामुळे फेरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. बायको जाईल, मी त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडापाशी पिशव्या सांभाळत बसेन.

इनसोलचे १४ हजार वाचले. पुठ्ठ्यावर पायाची आकृती काढून, कापून, ती बुटात सरकवून दाखवली. पुठ्ठा कडेला दुमडला, म्हणजे तीन वर्षं मी अरुंद बूट घालत होतो. नवीन संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. लांबीला सेंटिमीटरभर जास्त. घरातही पट्ट्याची एमसीआर. पेन्शनरसाहेब, चिमटीची परीक्षा दोन दुकानांत नापास झाली, तिसऱ्यात पास. दर तीन महिन्यांनी बोलावलंय.

निघताना त्यांनी माझे बूट मागितले. बर्मिंगहॅमच्या मावशी, अगदी तुमच्या पोरीसारखं, उलटा करून आपटला. काही पडलं नाही. मग आत हात घातला आणि पार चवड्यापासून एक चिंचोका काढून टेबलावर ठेवला. घट्ट्याच्याच बाजूचा बूट. "कधीपासून आहे हा?" मला सांगता येईना. म्हटलं, आजच गेला असेल.

चिंचोका खिशात घालून घरी आणला. नातू खेळत होता, त्याच्यासमोर धरला. उचलला, बघितला आणि म्हणाला, "आजोबा, हा शनिवारपासून शोधतोय मी."